मुक्ताचा निबंध आणि माझी वही

मी मसुऱ्याचा. शाळेत असताना ‘माझा गाव’ या विषयावर निबंध लिहिला होता. त्यात गडनदी होती, भरतगड होता, आंगणेवाडीची जत्रा होती. गुरुजींनी दहापैकी आठ गुण दिले, अक्षराची तारीफ केली. आमचा महारवाडा मात्र त्या निबंधात नव्हता. तो लिहू नकोस असे मला कोणी सांगितले नव्हते. लिही, असेही कोणी म्हटले नव्हते. नमुन्याच्या निबंधात तो नसतो, एवढे न सांगता कळले होते.

पुढे स्वतः मास्तर झालो तेव्हा मुक्ता साळवेचा निबंध हाती आला. मांग समाजातली ही चौदा वर्षांची मुलगी पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’च्या १५ फेब्रुवारी व १ मार्चच्या अंकांत छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा रोखठोक सवाल ती देवालाच करते. इमारतींच्या पायात तेलशेंदूर पाजून पुरलेली माणसे, पेशवाईत तालमीसमोरून गेल्याबद्दल उडवलेली मस्तके, छपराविना बाळंत होणाऱ्या बाया, हे सारे ती साक्षीदारासारखे मांडते. शेवटी आपल्याच लोकांना विद्येचे औषध घ्यायला सांगते.

या निबंधाचा गौरव आपण पुष्कळ करतो. तो ज्या वर्गातून आला त्या वर्गाचा विचार फारसा करीत नाही. बुद्धी मुक्ताची होतीच. पण आपल्या जातीचे दुःख हा निबंधाचा विषय होऊ शकतो, ही मुभा तिला तेथे होती. शिवाय लिहिलेले मास्तरांच्या तांबड्या शाईपाशी संपले नाही, छापखान्यापर्यंत गेले. फुल्यांच्या शाळांच्या परीक्षाही चारचौघांसमोर होत. आपले कोणीतरी खरेच वाचणार, ऐकणार, हे कळले की पोर शब्द तोलून वापरते. शाळा तपासणीच्या तक्त्यात हे कोणत्या रकान्यात बसते, ते साहेबांनाच ठाऊक!

मी एकदा वर्गाला ‘आमची वाडी’ हा विषय दिला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विहिरीवर लिहिले: उन्हाळ्यात आईबरोबर हंडा घेऊन किती वेळ आणि कोणाकोणाच्या मागे उभे राहावे लागते. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. त्या दाखवल्याच, पण आधी निबंध तिलाच वर्गापुढे वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी न सांगता तिने तो पुन्हा लिहून आणला. दोन पाने वाढली होती, चुका तीन उरल्या होत्या.