शेजपाळी, स्टार्व्हेशन आणि शेवटचं शेत

इंजिनीअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय असतो. त्याच्या पुस्तकात एक दंतकथा आहे. 1973 साली एमआयटीमधला आयबीएम 7094 हा कॉम्प्युटर कायमचा बंद करताना लोकांना त्याच्या रांगेत एक काम अडकलेलं सापडलं म्हणे. ते रांगेत लावलं होतं 1967 साली. सहा वर्षं ते आपल्या नंबराची वाट बघत होतं आणि दर वेळी त्याच्याहून 'महत्त्वाचं' कुणीतरी पुढे घुसत होतं. याला कॉम्प्युटरच्या भाषेत 'स्टार्व्हेशन' म्हणतात. साध्या मराठीत, उपासमार.

वर्गात सगळे हसतात आणि पान उलटतं. मला मात्र हा धडा वाचताना आमच्याकडचा पाट आठवायचा. मी राहात्याचा. बाहेरच्या लोकांना राहाता माहीत असतं ते शिर्डीच्या शेजारचं गाव म्हणून, फार तर पेरूसाठी. पण हा पेरू, आजूबाजूचा ऊस, गावाच्या पिण्याच्या पाण्याचा साठवण तलाव हे सगळं ज्यावर उभं आहे तो गोदावरीचा उजवा कालवा. आणि त्या कालव्यावर पाणी वाटायची जी पद्धत आहे, तिचं नाव शेजपाळी. रांगेचा प्रश्न कसा सोडवावा हे मला आधी पुस्तकात भेटलं असं वाटत होतं. खरं तर ते आमच्या बांधावर कधीपासून चालू होतं.

दुष्काळासाठी बांधलेला पाट

1876-77 चा दुष्काळ, मग 1896-97 चा, आणि लगेच 1899-1900 चा. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला, त्यामुळे तिन्ही वेळा होरपळला. 1901 साली ब्रिटिश सरकारने सिंचन आयोग नेमला आणि दख्खनमध्ये दुष्काळापासून संरक्षण देणारे कालवे बांधायचं ठरलं. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीवर बंधारा बांधला गेला. तिथून नदीच्या दोन्ही बाजूंना कालवे काढले. डावा सुमारे 90 किलोमीटर, उजवा सुमारे 110. त्यांना पाणी पुरवायला इगतपुरीकडे दारणा धरण झालं, 1916 साली. तिकडे प्रवरेवर भंडारदऱ्याचं काम 1910 मध्ये सुरू झालं आणि 1926 मध्ये पुरं झालं. आजच्या राहाता तालुक्याच्या एका अंगाला गोदावरीचं पाणी आलं, दुसऱ्या अंगाला, लोणीकडे, प्रवरेचं.

गंमत अशी, की कालवे दुष्काळासाठी बांधले आणि दुष्काळ काही दर वर्षी पडत नाही. पाऊस बरा झाला की काळ्या रानात ज्वारी तशीही येते. मग पाणीपट्टी भरून पाटाचं पाणी कोण घेणार? सरकारला तर खर्च वसूल करायचा होता. म्हणजे हे विम्यासारखं झालं. वाईट वर्षी सगळ्यांना हवा, चांगल्या वर्षी हप्ता भरायला कुणी तयार नाही.

त्यावर उपाय म्हणून ऊस पुढे आला. ऊस वर्षभर पाणी पितो आणि वर्षभर पट्टी भरतो. पण नुसता ऊस लावला तर थोड्याच लोकांकडे सगळं पाणी जातं आणि जमिनी पाणथळ होऊन खारवतात. नीरेच्या कालव्यावर हे दिसूही लागलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी यावर 'ब्लॉक'ची पद्धत काढली. शेतकऱ्याला ठरावीक तुकड्याला ठरावीक वर्षं पाण्याची हमी द्यायची, पण त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच ऊस, बाकी हलकी पिकं. दर वर्षी ऊसाची जागा बदलायची. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून 'ब्लॉकाचं पाणी' असं म्हणतात.

त्या पाण्यामागून ऊस आला, ऊसामागून खासगी साखर कारखाने आले. मग विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीच्या शेतकऱ्यांना घेऊन प्रवरेचा सहकारी कारखाना काढला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले आणि 1950-51 मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. हा इतिहास सगळ्यांना माहीत असतो, त्यावर पुतळे आहेत, शाळेत धडे आहेत. शेजपाळीवर कुठे पुतळा नाही. तिच्याबद्दलच सांगायचंय.

पाळी कुणाची?

हंगामाच्या तोंडाशी धरणात पाणी किती आहे ते बघतात. 15 ऑक्टोबरचा साठा त्यासाठी महत्त्वाचा. त्यावरून रब्बीला आणि उन्हाळ्याला किती आवर्तनं सोडायची हे ठरतं. शेतकरी 'सात नंबर फॉर्म' भरतो, म्हणजे अमुक गटात अमुक पिकाला पाणी हवं असा अर्ज. अर्ज मंजूर झाले की एकेका चारीवर, एकेका मोरीखाली कुणाचं शेत कधी भिजणार याची यादी तयार होते. ती शेजपाळी. शेजारच्यानंतर शेजारी, पाळीपाळीने.

आकड्यांत बघू. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर. मोरीतून 1 क्युसेक पाणी दिवसरात्र चालू राहिलं तर 24 तासांत साधारण साडेचोवीस लाख लिटर होतं. एका हेक्टरवर 8 सेंटिमीटर पाणी द्यायचं तर 8 लाख लिटर लागतं. म्हणजे एका मोरीवर दिवसाला जेमतेम 3 हेक्टर. मोरीखाली 30 हेक्टर मंजूर असतील, तर रांग दहा दिवसांची. त्यात दारं धरायला रात्री दोनला उठावं लागेल की सकाळी सातला, हे यादीवरून कळतं.

कॉम्प्युटरमध्ये एकच प्रोसेसर अनेकांमध्ये वाटून द्यायची कल्पना 1961 साली एमआयटीतच प्रत्यक्ष करून दाखवली गेली. थोडा वेळ याला, थोडा वेळ त्याला. शेजपाळी त्याच घरातली. पण तिच्यात एक नियम असा आहे जो मला फार हुशार वाटतो: भरणं शेवटाकडून सुरू करायचं. 'टेल टू हेड'. हे शब्द आमच्याकडे शाळा न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी असतात.

नियम उलटा वाटतो, कारण पाणी तर आधी वरच्या शेतावरून जातं. पण विचार करा. वरच्या शेतकऱ्याला पाणी मिळणार याची खात्री असते, ते त्याच्या दारातूनच वाहतंय. धाकधूक असते ती शेवटच्याला. 110 किलोमीटरच्या कालव्यात पाणी ताशी दोन-तीन किलोमीटरने चाललं, तर शेवटाला पोचायलाच दीड-दोन दिवस लागतात. वाटेत पाझर, गवत, गाळ. वरून सुरुवात केली तर शेवटच्याची पाळी येईपर्यंत आवर्तन बंद व्हायची वेळ होते. शेवटाकडून सुरुवात केली की अनिश्चितता अशा माणसाकडे सरकते ज्याला ती झेपते.

आणखी एक खुबी. या नियमात वरच्याचा स्वार्थही खालच्याच्या बाजूला लागतो. माझी पाळी लवकर यावी असं वाटत असेल, तर खालच्यांचं भरणं लवकर उरकायला हवं. मग मधे कुणी पाणी फोडलं की ओरडणारा एकटा शेवटचा राहत नाही. शिवाय हे सगळं तपासायला काही मशीन लागत नाही. खालच्या शेतात जाऊन ढेकूळ ओलं आहे का बघितलं की झालं.

डोंगळे

अर्थात नियम कागदावर असतो आणि पाणी पाटात. कालव्याच्या भरावावरून सायफनचे पाइप टाकून पाणी ओढतात, त्यांना आमच्याकडे 'डोंगळे' म्हणतात. रात्री अंधारात शंभर डोंगळे लागले की खालची मोरी सकाळी कोरडी. कुणाची ओळख असते, कुणाची दांडगाई असते. शंभर वर्षांत कालवे गाळाने उथळ झाले. धरणाच्या पाण्यावर शहरांचा आणि कारखान्यांचा हक्क वाढत गेला. आवर्तनं कमी झाली. ज्याला परवडलं त्याने विहीर घेतली, बोअर घेतलं, शेततळं केलं. माझ्या घरच्यांनीही केलं. पेरूच्या बागेला पाटाच्या भरवशावर ठेवणं शक्यच नाही. पण जो विहीर घेतो तो हळूहळू रांगेतून बाहेर पडतो, आणि त्याला रांग नीट चालण्याची गरज उरत नाही. रांगेत मागे राहतात ते ज्यांच्याकडे दुसरा रस्ता नाही.

आणि काही जणांना तर रांगेतच जागा नव्हती. कालवा उतारावरून चालतो, त्यामुळे त्याच्या वरच्या अंगाच्या जमिनीला त्याचं पाणी चढत नाही. राहाता, संगमनेर, कोपरगाव या तालुक्यांत अशी जिरायती गावं कितीतरी आहेत. पलीकडे ऊस दिसतो, आपल्याकडे बाजरी आणि टँकर. या गावांसाठी प्रवरेवर आणखी वरून, निळवंड्याहून, कालवे काढायची कल्पना पुढे आली 1970 साली. डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं मे 2023 मध्ये, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालं. 85 किलोमीटरचा कालवा, 182 गावं, 53 वर्षं. एमआयटीतल्या त्या कामाने सहाच वर्षं वाट पाहिली, तर त्याची दंतकथा झाली. 1970 साली विशीत असलेला शेतकरी 2023 साली सत्तरी ओलांडून गेला होता. असला तर.

स्टार्व्हेशनवर पुस्तकात जो उपाय आहे त्याला 'एजिंग' म्हणतात. जो जितका जास्त थांबला, तितकं त्याचं महत्त्व आपोआप वाढवत न्यायचं. कॉम्प्युटरमध्ये हे दोन ओळींचं काम आहे. माणसांमध्ये उलट होतं. जो जास्त थांबतो, त्याला थांबायची सवय आहे असं धरून चालतात.

नदीची रांग

इथपर्यंत आमच्या भागातल्या कुणाचाच माझ्याशी वाद होणार नाही. पुढचं बोलणं गावात जरा अवघड जातं.

कालव्याच्या रांगेत राहाता बरंच मागे आहे. म्हणून आम्ही टेलची भाषा बोलतो. पण पाट जिथून निघतो ती नदी राहात्याशी थांबत नाही. ती पुढे पैठणला जाते, जायकवाडीला. नदीच्या रांगेत नाशिक आणि नगर वर आहेत, मराठवाडा खाली. 2005 च्या कायद्याने खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप सांगितलं. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 2014 साली त्यावर आदेश दिला. तेव्हापासून कमी पावसाच्या वर्षी 15 ऑक्टोबरनंतर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचा विषय निघतो आणि आमच्याकडे आंदोलनं होतात. वाटेत किती पाणी मुरेल, ऊस कुणाकडे जास्त आहे, हिशोबाचं सूत्र बरोबर आहे का, हे सगळे प्रश्न खरे आहेत. पण आम्ही चारीवर जो नियम मागतो तोच नदीवर लावला तर आमची जागा बदलते. तिथे आम्ही वरचे शेतकरी असतो, ज्यांच्या दारातून पाणी वाहतंय.

प्रत्येक जण कुठल्या तरी रांगेत शेवटचा असतो आणि कुठल्या तरी रांगेत पहिला. नियम चांगला आहे की नाही हे दुसऱ्या रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

मग सेन्सर काय करणार?

सध्या शेतीत नवं तंत्रज्ञान जोरात आहे. मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर, मोबाइलवरून चालू होणारं ठिबक, उपग्रहाचे फोटो. ऊसात एआय वापरायचा बारामतीचा प्रयोग तर खूप गाजला. मी याच धंद्यातला माणूस आहे, मला हे आवडतं. ठिबकाने खरंच पाणी वाचतं. पण वाचलेलं पाणी जातं कुठे? बहुतेक वेळा त्याच शेतकऱ्याच्या पुढच्या एकरात. त्यात गैर काही नाही, पण ते पाणी टेलला पोचत नाही. कालव्याला अस्तर केलं तर गळती थांबते, पण त्या गळतीवर ज्याची विहीर भरते तो विरोध करतो. एकाचा बग दुसऱ्याचं फीचर असतो. बांधाच्या आतलं गणित मशीन छान सोडवतं. बांधाबांधांमधलं गणित वेगळं आहे.

ते सुटल्याचं उदाहरण गोदावरी खोऱ्यातच आहे. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझरला 1990 च्या सुमारास पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यामागे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे होते. शेतकऱ्यांनी पाणी मोजून घ्यायचं आणि आपसात आपणच वाटायचं. पुढे पूर्ण वाघाड प्रकल्पच अशा संस्थांच्या हाती आला. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: ओझर कालव्याच्या शेवटाला आहे. सुरुवात टेलने केली.

आज आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या रांगेत असतो आणि ती रांग बहुधा सॉफ्टवेअर लावतं. कर्ज कुणाला आधी, डिलिव्हरीची ऑर्डर कुणाला, कुणाचा अर्ज वर दिसणार. शेजपाळीची यादी कागदावर होती. ती वाचता यायची. आपल्या आधी कोण, आपल्यानंतर कोण हे प्रत्येकाला माहीत असायचं आणि चुकलं तर भांडता यायचं. आपल्या फोनमधल्या रांगांची यादी आपल्याला दिसतच नाही, मग भांडणार कुणाशी?

त्यामुळे ऑफिसात कामांच्या नव्या रांगेचं डिझाइन समोर आलं की सरासरी वेळ किती, हा प्रश्न सगळे विचारतात तसा मीही विचारतो. पण त्याआधी बघतो की सगळ्यात जास्त थांबलेलं काम कुठलं आहे आणि किती वेळ थांबलंय. सरासरीत शेवटचं शेत दिसत नाही. ते बघायला टेलपर्यंत चालत जावं लागतं.