एका आकड्याची गोष्ट

गेल्या मार्चमध्ये लेकीच्या शाळेतून पत्र आलं. आमची सई दुसरीत होती. शाळेत 'गिफ्टेड' मुलांचा वेगळा वर्ग असतो, त्यासाठी तिची बुद्धिमत्ता चाचणी झाली होती. प्रवेशाला १३० हवे होते, तिला मिळाले १२७.

बायको म्हणाली, "बरं मग?" मी मात्र दिवसभर ऑफिसात सुतकी चेहऱ्याने बसलो. बारावीनंतर दोन मार्कांनी हवं ते कॉलेज हुकलेला माणूस मी. तीन गुण म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. आणि आता कबूलच करतो, चाचणीआधी तीन आठवडे बायकोच्या नकळत मी सईकडून सरावाची पुस्तकं सोडवून घेतली होती. रात्री फोनवर आईला सांगत होतो, "तीनच गुण कमी पडले गं." वळून बघतो तर मागे सई उभी. "बाबा, म्हणजे मी हुशार नाहीये का?"

मला उत्तर सुचलं नाही. एखादी सिस्टिम विचित्र वागायला लागली की आम्ही कॉम्प्युटरवाले आधी विचारतो, ही मुळात बांधली कशासाठी होती? म्हणून मी या आकड्याचा इतिहास वाचायला घेतला.

गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये. आल्फ्रेड बिने हा मानसशास्त्रज्ञ आधी लोकांची डोकी मोजत असे, म्हणजे अक्षरशः टेप घेऊन. डोक्याच्या आकारावरून अक्कल कळत नाही, हे पटल्यावर त्याने तो नाद सोडला. घरात त्याला दोन मुली होत्या, मॅडलीन आणि अ‍ॅलिस. त्यांच्यावर त्याने अनेक साधे प्रयोग केले आणि १९०३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. एकाच घरात वाढलेल्या दोघी, पण एक नेमकं निरीक्षण करणारी, तर दुसरी कल्पनेत रमणारी. दोघींची विचार करायची तऱ्हाच वेगळी.

फ्रान्समध्ये तेव्हा शिक्षण सक्तीचं झालं होतं. १९०४ मध्ये सरकारने एक समिती नेमली. वर्गात मागे पडणाऱ्या आणि जादा मदत लागणाऱ्या मुलांना ओळखायचं कसं, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. बिने आणि त्याचा सहकारी सिमों यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची चाचणी तयार केली. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावले. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावं, पाच वर्षांच्याने चौकोन बघून काढावा आणि चार नाणी मोजावीत. कुठला प्रश्न कुठल्या वयाला, हे त्यांनी खुर्चीत बसून ठरवलं नाही. प्रत्यक्ष मुलांना प्रश्न घातले, आणि ज्या वयाच्या बहुतेक मुलांना जो जमला, तो त्या वयाचा. मूल जिथवर पोचलं, ती त्याची मानसिक पातळी.

म्हणजे मूळ रिक्वायरमेंट एवढीच होती, मदत कुणाला हवी ते शोधा. बुद्धी जन्मतः ठरलेली असते आणि वाढत नाही, या समजुतीवर बिनेने १९०९ च्या पुस्तकात कडक टीका केली. मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने लक्ष आणि स्मरण वाढवणारे व्यायामही सुचवले. १९११ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी तो वारला. पुढे त्याच्या चाचणीचं जे झालं, ते बघायला तो नव्हता.

१९१२ मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची युक्ती काढली. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुईस टर्मनने १९१६ मध्ये त्याला शंभरने गुणलं. सहा वर्षांचं मूल आठ वर्षांच्या मुलासारखं वागलं की १३३. झाला बुद्ध्यांक तयार! बिनेच्या चाचणीत मुलाला काय जमतं, काय नाही हे दिसत होतं. आता सगळ्याचा एकच आकडा झाला, आणि आकड्याची उतरंड लावणं फार सोपं असतं.

इथून गोष्ट आमच्या न्यू जर्सीत येते. व्हाइनलँड हे गाव आमच्यापासून गाडीने दीडेक तासावर. तिथल्या मतिमंद मुलांच्या संस्थेत हेन्री गोडार्ड संशोधक होता. १९०८ मध्ये त्यानेच बिनेची चाचणी अमेरिकेत आणली. १९१३ मध्ये त्याने आपल्या सहकारी स्त्रिया एलिस आयलंडवर पाठवल्या. हो, तेच बेट! आई-बाबा भारतातून आले की स्टॅच्यू ऑफ लिबर्टीबरोबर आपण त्यांना दाखवून आणतो ना, ते. दोन आठवडे बोटीच्या तळात काढून नुकते उतरलेले, इंग्रजीचा गंध नसलेले लोक. त्यांना दुभाष्यामार्फत प्रश्न विचारले. निष्कर्ष काय, तर तपासलेल्या ज्यू, हंगेरियन, इटालियन आणि रशियन लोकांपैकी पाचात चार जण मंदबुद्धी! तपासले होते सगळे मिळून दीडशेच्या आसपास.

त्याच बेटावर हॉवर्ड नॉक्स नावाचा डॉक्टर होता. शेतातून आलेल्या माणसाला शाळेतले प्रश्न विचारणं त्याला पटेना. त्याने लाकडी ठोकळ्यांची चाचणी केली. डॉक्टर ठोकळ्यांवर ज्या क्रमाने टकटक करेल, तसंच समोरच्याने करायचं. त्यात भाषा लागत नाही. म्हणजे शहाणी माणसं तेव्हाही होती.

मग आलं पहिलं महायुद्ध. १९१७ पासून रॉबर्ट यर्क्सच्या देखरेखीखाली अमेरिकन सैन्यातल्या सुमारे साडेसतरा लाख जवानांची चाचणी झाली. त्यात अमुक माणूस बेसबॉल खेळाडू की लेखक, अमुक नावाचं तूप खायचं की दात घासायचं, असले प्रश्न होते. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी चित्रांची चाचणी होती. एका चित्रात टेनिस कोर्टवर जाळी नव्हती, ती काढून दाखवायची. ज्याने जन्मात टेनिस पाहिलं नाही, त्याने काय काढावं? आपल्या पणजोबांना बसवलं असतं, तर तेही मंदबुद्धीच ठरले असते. या निकालांवरून कार्ल ब्रिगमने १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं, की दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांमुळे देशाची बुद्धी घसरतेय. १९२४ मध्ये त्या देशांतून येणाऱ्यांवर कडक कोटा बसला. तो केवळ या चाचण्यांमुळे बसला असं नाही, पण बोलणाऱ्यांच्या हाती आकडे आयते होते. आपल्यासाठी तर दार १९१७ च्या कायद्यानेच बंद झालं होतं. १९४६ मध्ये ते वर्षाला १०० जणांपुरतं किलकिलं झालं, आणि १९६५ च्या कायद्यानंतर खऱ्या अर्थाने उघडलं.

सगळ्यात वाईट वाटलं ते कॅरी बक या व्हर्जिनियातल्या तरुणीबद्दल वाचून. चाचणीत तिचं मानसिक वय नऊ निघालं. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. तिची छोटी मुलगीही मंदबुद्धी ठरवली गेली होती. तीच मुलगी पुढे शाळेच्या गुणवंतांच्या यादीत आली, आणि आठव्या वर्षी आजारपणात गेली.

गोडार्डने १९२८ मध्ये आणि ब्रिगमने १९३० मध्ये आपली चूक कबूल केली. मधल्या काळात, १९२६ मध्ये, याच ब्रिगमने आपल्या मुलांच्या पोटात गोळा आणणारी एसएटी तयार केली होती!

आता ही चाचणी फेकून द्यायची का? तसं नाही. पुढे तिच्यातले बरेच बग काढले गेले. रुमानियातून लहानपणी आलेल्या डेव्हिड वेक्सलरने १९३९ मध्ये भागाकारच काढून टाकला. आता माणसाची तुलना त्याच्याच वयोगटाशी होते. सरासरी १०० धरायची. दोन तृतीयांश लोक ८५ ते ११५ मध्ये बसतात, १३० च्या वर शंभरात दोनेक. आपल्याकडे व्ही. व्ही. कामतांनी बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, १९४० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. नुसतं भाषांतर करून भागत नाही, कुठला प्रश्न कुठल्या वयाला बसतो हे इथल्या मुलांवर पुन्हा मोजावं लागतं. आणि मोजणी जुनीही होते. जेम्स फ्लिनने १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की अनेक देशांत दर दहा वर्षांनी गुण साधारण तीनाने वाढत होते. म्हणजे सईला जे तीन गुण कमी पडले, तेवढाच दहा वर्षांचा फरक!

एवढं वाचून मी शाळेच्या मानसशास्त्रज्ञ बाईंना भेटलो. सरावाच्या पुस्तकांचंही सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ओळखीचे प्रश्न सोडवून घेतले, की आम्ही नेमकं काय मोजलं तेच कळत नाही." मग त्यांनी रिपोर्ट उघडला. १२७ म्हणजे पाच-सहा इकडे किंवा तिकडे. १३० वर मारलेली रेघ शाळेने सोयीसाठी मारलेली, निसर्गाने नव्हे. शब्द आणि तर्क यांत सई उत्तम होती. गुण गेले ते वेगात. घड्याळ लावून भराभर चिन्हं काढायची होती आणि ती एकेक चिन्ह सुबक काढत बसली. मला हसू आलं. उन्हाळ्यात आजीने तिच्याकडून बाराखडी गिरवून घेतली होती, "घाई नको, अक्षर मोत्यासारखं यायला हवं" म्हणत.

एलिस आयलंडवरच्या लोकांची दया करणं सोपं आहे. पण १३५ आले असते, तर हा लेख मी लिहिला असता का? पेढे वाटले असते. आकडा आपल्या बाजूने असला, की तो कसा आला हे आपण विचारत नाही. आपल्या दिवाळीच्या पार्ट्यांत फराळाच्या ताटांवर "तुमच्याकडे किती आला?" हा प्रश्न फिरतो. शेजारी बसून चिवडा खाणारी पोरं तो ऐकत असतात.

सईला मी शेवटी सांगितलं, "त्या कागदाला एवढंच माहीत आहे, की त्या दिवशी तू ती चिन्हं सावकाश काढलीस." तिने विचार केला आणि म्हणाली, "पण छान आली होती."

पुढे पुन्हा चाचणी द्यायची की नाही, ते अजून ठरलेलं नाही. सरावाची पुस्तकं मात्र रद्दीत गेली.