राजधानी बदलली, रूळ बदलले नाहीत

परभणीहून मुंबई सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटरच्या आतच भरते. विमानाला हे अंतर जेमतेम तासाभराचे. पण जवळचे विमानतळ नांदेडला, आणि बहुतेकांचा भरवसा रेल्वेवर. मनमाडमार्गे ती साडेपाचशे किलोमीटर धावते, म्हणजे एक रात्र गाडीत जाते. सरळ अंतर आणि खरा प्रवास यांतली तफावत इतरत्रही दिसते: अंदमानचे श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) आणि लक्षद्वीपचे अगत्ती यांच्यातले हवाई अंतर सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास आहे, तरी मुख्य भूमीवर उतरून विमान बदलावेच लागते. बेटांच्या बाबतीत निदान समुद्राचे कारण सांगता येते. परभणीला मुंबईपासून दूर ठेवले ते जुन्या राज्याच्या सीमेने आणि रुळांच्या रुंदीने.

परभणी ज्यात मोडत होती त्या हैदराबादच्या निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. सिकंदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत ती मनमाडला पोचे. ती मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची, होती आणि मनमाडला भेटणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची. त्यामुळे मुंबईकडे निघालेला उतारू असो वा कापसाची गाठ, मनमाडला गाडी बदलणे चुकत नसे. हैदराबादकडे मात्र त्याच रुळांवरून थेट जाता येई. कचेऱ्या, वरचे न्यायालय आणि १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठ, सारे तिकडेच होते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये परभणीसह मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. कारभार मुंबईला गेला, तरी परभणीच्या रुळांचे रुंदीकरण व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले. तोवर राज्याच्या राजधानीला जाणाऱ्याची मनमाडची उतरचढ कायम राहिली.

यावर कोणी म्हणेल की गोदावरीचे खोरेच आग्नेयेकडे उतरते, रेल्वे त्या उताराने गेली, यात राजकारण कसले? पण हीच रेल्वे वायव्येला मनमाडपर्यंतही गेली होती. जमिनीने मुंबईची वाट अडवली नव्हती, अडथळा गेजचा होता. मीटरगेज स्वस्त पडत असे, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९०० च्या सुमारास, दुष्काळाने पिचलेल्या मुलखात, ती काटकसर समजण्यासारखी होती. मात्र १९६० नंतरची तीस वर्षे त्या हिशेबात बसत नाहीत. ती नव्या राज्यकर्त्यांच्या अग्रक्रमांची आहेत. विमानाने हे जुने वळण मोडेल, ही आशाही जपूनच धरावी. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेची पहिली विमाने निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद ही एक फेरी होती. छोट्या विमानाला जवळचे शहर परवडते, हे खरेच. पण रुळांनी शतकभर घडवलेली ये-जा प्रवासी कुठे मिळतील हेही ठरवते. म्हणून एखादा जिल्हा किती मागे राहिला हे तपासताना नकाशावरच्या किलोमीटरपेक्षा दोन प्रश्न अधिक कामाचे आहेत: वाटेत किती वेळा गाडी बदलावी लागते, आणि ती बदलायला लावणारा निर्णय कोणी, किती वर्षे तसाच ठेवला?