शिंदळ माकुडी आणि गव्हर्नरसाहेब

तर मंडळी, आजचं फूल शिंदळ माकुडी. जगात फक्त महाराष्ट्रात सापडणारं. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा ठिकाणी, उभ्या कड्याच्या फटीत ही माकुडी लटकून वाढते. खोड मांसल, पावसाळ्यात त्यावर लालसर जांभळी चांदणी उमलते, पिवळे ठिपकेवाली. वास मात्र कुजका, कारण तिला माश्या बोलवायच्या असतात!

१८६०च्या दशकात मुंबई इलाख्याचे वनाधिकारी डाल्झेल यांनी जुन्नरकडच्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं आणि नाव दिलं ‘फ्रेरिया इंडिका’. फ्रेरिया कशावरून? तर तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर. साहेबाचा मान राखायची रीत, दुसरं काय.

पण हे फ्रिअर आपल्याला नवखे नाहीत. १८४८ साली ते साताऱ्यात रेसिडेंट होते. छत्रपतींचं राज्य खालसा करू नका, असं त्यांचं मत होतं. डलहौसीने ते मानलं नाही, आणि खालसा झालेल्या साताऱ्याचा कारभार पुढे फ्रिअर यांनीच पाहिला. माकुडीचा सज्जनगड तिथून हाकेच्या अंतरावर.

नंतर वनस्पतिशास्त्रज्ञांनी ‘फ्रेरिया’ ही वेगळी प्रजाती मानणं सोडलं. एक नवं नाव झालं ‘बाउसेरोसिया फ्रेरी’. म्हणजे बघा, ‘इंडिका’ गेलं, गव्हर्नर राहिले! मी तर माकुडीच म्हणणार.

गडावर दिसली तर फोटो जरूर काढा, पण लोकेशन टाकू नका. उपटून कुंडीत लावणारे हौशी टपलेलेच असतात.