दलालाचे चारित्र्य कुणी तपासायचे?

महाराष्ट्रात स्थावर संपदा एजंट म्हणून नोंदणी करायची असेल, तर २०१७ च्या नियमांतल्या अकराव्या नियमाप्रमाणे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत पॅन कार्डाची प्रत, व्यवसायाच्या जागेचा पुरावा, मागच्या पाच वर्षांत ज्या प्रकल्पांसाठी आणि बिल्डरांसाठी काम केले त्यांची यादी, एवढेच काय, लेटरहेड, रबरी शिक्का आणि पावतीचा नमुनाही जोडायचा असतो. त्याच यादीत एक कलम असे आहे, की अर्जदारावर प्रलंबित असलेल्या सगळ्या दिवाणी आणि फौजदारी खटल्यांचा तपशील द्यावा. हा तपशील एखाद्या एजंटने दडवला आणि ते आपल्याला कळले, तर गप्प बसावे की सांगावे? सांगितलेच पाहिजे, असे माझे मत आहे; मात्र ते सोसायटीच्या जिन्यात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर न सांगता, ज्या कार्यालयाने त्याला नोंदणी क्रमांक दिला तिथे लेखी सांगावे. या मताला आधार आहे तो घरदलालीच्या धंद्याच्या इतिहासाचा.

मुंबईत शेअरदलाल फार लवकर संघटित झाले. अमेरिकेतले यादवी युद्ध संपताच १८६५ मध्ये कापसाची आणि शेअरची तेजी कोसळली, शहर होरपळले, आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, देशी शेअरदलालांची संघटना उभी राहिली. सभासद कोण होणार आणि कुणाला बाहेर काढायचे, हे ठरवणारी एक जागा तयार झाली. पुढे १९२५ मध्ये मुंबई इलाख्याने शेअरबाजारासाठी कायदाही केला. घरदलालाच्या वाट्याला मात्र यातले काहीच आले नाही. लोकांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार ज्याच्या मध्यस्थीने होत होता, त्याला ना सनद होती, ना संघटनेचा धाक, ना कुठल्या वहीत नाव.

नाव नव्हते म्हणून विश्वास नव्हता असे नाही. उलट फक्त विश्वासच होता. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४८ च्या फेब्रुवारीत लागू झाला आणि जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडे वाढवता येईना, तेव्हा घरमालकाने आणि जागा सोडणाऱ्या भाडेकरूने पागडीची वाट धरली. पागडी घेणे हा त्या कायद्याच्या अठराव्या कलमाखाली गुन्हा होता, आणि तरी गिरगावपासून दादरपर्यंत चाळीतली खोली हातोहात फिरत होती ती पागडीवरच. हा व्यवहार कसा होत असे ते पाहण्याजोगे आहे. पैसे रोख, पावती नाही. घरमालकाचा हिस्सा बहुधा एक तृतीयांश, उरलेली रक्कम जाणाऱ्या भाडेकरूची. मालक भाडेपावती नव्या माणसाच्या नावाने फाडून देणार, आणि ती हातात पडेपर्यंत नव्या माणसाने आयुष्याची पुंजी भलत्याच्याच हवाली केलेली असणार. मध्ये काही बिनसले तर कोर्टात जाण्याची सोय नाही, कारण आपण स्वतःच बेकायदा व्यवहारात सामील. या सगळ्याला साक्षीदार एकच, तो म्हणजे दलाल. त्याच्या शब्दाखेरीज दुसरे तारण नव्हते. त्यामुळे दलालाचे चारित्र्य ही तेव्हा चैनीची चौकशी नव्हती, सगळा सौदा त्यावरच उभा होता.

ही चौकशी होत असे ती कानोकानी. कुठला दलाल सचोटीचा, कुणी कुणाचे पैसे बुडवले, कुणाला पोलीस घेऊन गेले होते, हे वाडीतल्या, जातीतल्या, गावमंडळातल्या लोकांना ठाऊक असे. जुन्या काळची ही पत आजच्या नोंदणीपेक्षा भक्कम होती, असे म्हणणारे आजही भेटतात. ते मला पटत नाही. कानोकानी फिरणारी माहिती त्या वर्तुळात जन्मलेल्यांनाच मिळते. ज्याचे शहरात कुणी नाही, ज्याला जातीमुळे किंवा धर्मामुळे कुणी जवळ बसवून घेत नाही, ज्या विधवेला एकटीने खोली शोधायची आहे, तिच्यापर्यंत ती पोचतच नाही. ठकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते तेही नेमके इथेच. शिवाय त्या कुजबुजीला उत्तर देता येत नाही. एखाद्या सरळ माणसाचा धंदा प्रतिस्पर्ध्याने अफवा उठवून बुडवला, तर त्याने दाद कुणाकडे मागायची?

कायद्याला हे दिसायला फार उशीर झाला. १९६३ च्या मोफा कायद्याने फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरला बांधून घेतले. जमिनीचे मालकीहक्क दाखव, करार नोंदव, असे त्याला बजावले. दलालाच्या सचोटीची चौकशी कुणी करायची, हा प्रश्न मात्र त्या कायद्याने घेतलाच नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी कायदेशीर केली, तरी तो प्रश्न तसाच राहिला. तो सुटू लागला २०१६ च्या रेरा कायद्याने, आणि एजंटाची नोंदणी प्रत्यक्षात आली १ मे २०१७ पासून. नवव्या कलमाने नोंदणीशिवाय नोंदणीकृत प्रकल्पातले घर विकून देण्यास मनाई केली. बासष्टाव्या कलमाने मनाई मोडणाऱ्याला दिवसाला १० हजार रुपये दंड ठेवला, जो घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आणि चौतिसाव्या कलमाने नोंदणी झालेल्या, नाकारलेल्या आणि रद्द झालेल्या एजंटांची नावे छायाचित्रांसह संकेतस्थळावर ठेवण्याचे काम राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणावर, म्हणजे महारेरावर, टाकले. शहरात कुणीही ओळखीचे नसलेल्या माणसालाही आता दलालाची पत एका ठिकाणी पाहता येते. अर्जात खटला दडवणे हा म्हणूनच किरकोळ दोष ठरत नाही. तो क्रमांक जाहिरातीवर वाचून बयाणा देणाऱ्या प्रत्येकाची ती फसवणूक असते. खोटी माहिती देऊन किंवा लबाडीने मिळवलेली नोंदणी रद्द करता येते, हे नवव्याच कलमात लिहिले आहे.

प्राधिकरण हे अधिकार वापरतच नाही, असेही नाही. महारेराने २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आणि प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे २० हजार जणांची नोंदणी २०२४ च्या सुरुवातीला स्थगित केली. पण परीक्षेत कळते ते ज्ञान. अर्जातली जी ओळ एजंटाने कोरी सोडली, ती कोरी आहे हे प्राधिकरणाला बहुतेक वेळा बाहेरच्या माणसाकडूनच कळणार.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप माणुसकीचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. एकदा चुकलेल्या माणसाने पोट भरायचे की नाही? शिक्षा भोगून आलेल्याच्या मागे त्याचा कागद जन्मभर लावायचा का? या प्रश्नाशी इंग्लंड जसे झगडले, तो इतिहास आपल्याला उपयोगी आहे. लॉर्ड गार्डिनर यांच्या समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला आणि १९७४ मध्ये अपराध्यांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. दंड झालेल्याचा अपराध ५ वर्षांनी, ६ महिन्यांपर्यंत कैद झालेल्याचा ७ वर्षांनी आणि अडीच वर्षांपर्यंतच्या कैदेचा १० वर्षांनी कायद्यापुरता विसरला जाईल, अशी मूळ तरतूद होती. असा विसरलेला अपराध कुणी आकसाने छापला, तर तो खरा असूनही छापणाऱ्याला बदनामीच्या दाव्यात सत्याची ढाल वापरता येणार नाही, इथपर्यंत हा कायदा गेला. पाचच वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याच संसदेने घरदलालांसाठी कायदा केला. फसवणूक, अप्रामाणिकपणा किंवा हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस या धंद्याला नालायक वाटला, तर त्याला मनाई करण्याचा अधिकार रास्त व्यापाराच्या महासंचालकाला मिळाला. आधी नोटीस, मग म्हणणे मांडण्याची संधी, नंतर अपील, आणि मनाईची नोंद कुणालाही पाहता येईल अशा नोंदवहीत. १९७४ च्या कायद्याने विसरलेला अपराध मात्र या कामासाठीही मोजायचा नाही, हे त्यात स्पष्ट होते. कोणता गुन्हा मोजायचा, किती वर्षे मोजायचा आणि तो कुणी तोलायचा, हे ठरले की माणुसकी आणि ग्राहकाचे रक्षण एकाच कायद्याच्या पुस्तकात नांदू शकतात. ऐन तारुण्यात मारामारी केलेला, पुढे वीस वर्षे नेकीने जगलेला माणूस आणि तीन कुटुंबांचा बयाणा घेऊन खटल्याला सामोरा जाणारा माणूस यांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे आहे. पण हा भेद शेजाऱ्याने मनात करून गप्प बसण्यापेक्षा, ज्याच्यावर तो करण्याची जबाबदारी आहे त्याने करावा.

दुसरा आक्षेप आपल्याच मातीतला आहे आणि अधिक बोचरा आहे. पोलिसांच्या वहीत नाव असणे म्हणजे गुन्हेगार असणे, या समीकरणाची महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजली आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. जन्मानेच माणसे गुन्हेगार ठरली, सोलापुरासारख्या ठिकाणी काटेरी तारांमागच्या वसाहतींत डांबली गेली, हजेरीला बांधली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते बंधन सुटले, तरी संशय सुटला नाही. विमुक्त समाजातल्या लेखकांनी तो आपल्या आत्मकथनांतून मराठी वाचकासमोर ठेवला आहे. अशा समाजातला एखादा तरुण आज दलाली करू लागला आणि कुणी त्याचे नाव कुठल्याशा गुन्ह्यात होते म्हणून बोट दाखवले, तर आपण पुन्हा तेच करत नाही का? ही भीती खरी आहे. पण १८७१ च्या कायद्यातला सर्वांत क्रूर भाग कोणता होता? सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की त्या अधिसूचनेला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे त्यात लिहिले होते. वहीत नाव चढत होते आणि बोलायला जागा नव्हती. रेराच्या नवव्या कलमाखाली नोंदणी रद्द करण्याआधी एजंटाचे म्हणणे ऐकावेच लागते, आणि निर्णयाविरुद्ध अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्या तरुणाच्या मागे होणारी कुजबुज १८७१ च्या अधिक जवळची आहे, कारण तिथेही त्याला कुणी काही विचारत नाही.

आपला फौजदारी कायदाही हाच फरक दीडशेहून अधिक वर्षे करत आला आहे. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात खरे बोलणे ही बदनामी होऊच शकत नाही, अशी भूमिका होती. १८६० मध्ये दंडसंहिता झाली तेव्हा ती बदलली. नुसते खरे असून भागणार नाही, ते सांगणे लोकहिताचे असले पाहिजे, अशी अट ४९९ व्या कलमात आली, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातही तीच आहे. मात्र त्याच कलमाचा आठवा अपवाद सांगतो, की ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी नव्हे. दहावा अपवाद सांगतो, की एखाद्याला त्याच्याच भल्यासाठी सद्भावनेने दिलेला इशाराही बदनामी नव्हे. म्हणजे महारेराला लेखी कळवणाऱ्याला आणि उद्या बयाणा देणाऱ्या मावसभावाला सावध करणाऱ्याला कायद्याने आडोसा दिला आहे. तीनशे जणांच्या गटात फोटोसकट मजकूर टाकणाऱ्याला लोकहित सिद्ध करत बसावे लागेल.

तक्रार करून होते काय, कागद धूळ खात पडतो, असे लोक म्हणतात. त्यात तथ्य नाही असे कसे म्हणू? पण धूळ खाणारे बरेचसे कागद मुळातच कच्चे असतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेतला, की ठाण्या-पुण्यासारख्या जिल्ह्यात एकाच नावाची कितीतरी माणसे समोर येतात. वडिलांचे नाव, पत्ता, वय जुळवल्याशिवाय बोट दाखवणे हा निरपराध माणसाचा घात आहे. खटल्याचा क्रमांक, न्यायालयाचे नाव, कलम, सद्यःस्थिती आणि एजंटाचा नोंदणी क्रमांक एवढे एका पानावर असले, तर प्राधिकरणाला कामाला लागता येते. एकतिसाव्या कलमाखालची तक्रार ज्याचे नुकसान झाले त्याच्यासाठी आहे हे खरे. परंतु पस्तिसाव्या कलमाने प्राधिकरणाला स्वतःहूनही चौकशी करता येते, आणि तिऱ्हाइताचे पत्र त्या चौकशीला पुरेसे निमित्त होऊ शकते.

खरी उणीव वेगळ्याच दोन ठिकाणी आहे. अकराव्या नियमातले ते कलम प्रलंबित खटले विचारते. ज्याचा निकाल लागून शिक्षा झाली तो खटला प्रलंबित उरत नाही. म्हणजे ज्याच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे त्याने लिहायचे, आणि ग्राहकाचा पैसा लाटल्याबद्दल गेल्याच वर्षी दोषी ठरलेल्याने, अपील केले नसेल तर, त्या ओळीपुढे काही न लिहिता सुटायचे. आर्थिक अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यात ठरावीक वर्षांत झालेली शिक्षा अर्जात विचारली पाहिजे, त्याहून जुनी विचारता कामा नये, आणि ही मुदत नियमातच छापलेली हवी. दुसरी उणीव याहून मोठी. जुन्या इमारतीतला फ्लॅट पुन्हा विकून देणारा, भाड्याची खोली दाखवणारा, पागडीची जागा बदलून देणारा दलाल आजही या नोंदणीच्या बाहेर आहे, कारण नववे कलम नोंदणीकृत प्रकल्पापुरतेच आहे. शहरात नव्याने येणारा माणूस बहुतेक वेळा याच दलालाच्या दारात उभा राहतो. त्याच्याबद्दल काही कळले तर कळवायला प्राधिकरण नाही. फसवणूक झाल्यावर पोलीस ठाणे आहे, तेही पैसे गेल्यानंतर. त्याची नोंदणी सुरू करायला राज्य सरकारने आणखी सत्तर वर्षे घेऊ नयेत.