हिंगोलीची छावणी: फौज कुणाची, बिल कुणाला?
हिंगोली 1999 पर्यंत आपल्या परभणी जिल्ह्यातच होती. तिथं 1903 पर्यंत हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेची छावणी होती.

ही फौज आली कुठून? 1795 ला खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं, तेव्हा इंग्रज गप्प बसले. तरी 1798 ला निजामानं त्यांच्याशीच तैनाती फौजेचा करार केला आणि फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणी मोडल्या. 1800 च्या तहात ठरलं की युद्ध झालं तर निजामानं स्वतःचं सैन्यही द्यायचं. इथंच खरी गोम आहे. या कलमाच्या आधारावर इंग्रजांनी शांततेच्या काळातही कायमची फौज उभी करून घेतली. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा! आमच्या आयटीवाल्या भाषेत, सबस्क्रिप्शन तुमचं, ॲडमिन राइट्स त्यांचे.

पगार थकले, कर्ज चढलं, आणि 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. म्हणजे वाशीमकडचा, हिंगोलीला लागूनच असलेला मुलूख. 1902 ला तर तो कायमच्या भाडेपट्ट्यानंच दिला, वर्षाला 25 लाख रुपयांवर.

पहिल्या महायुद्धातही निजामानं पैसा आणि घोडदळ दिलं. 1918 ला त्याला ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ असा किताब मिळाला. मग त्यानं वऱ्हाड परत मागितलं. 1926 मध्ये व्हाइसरॉय रीडिंगनं पत्र लिहून सरळ नाही म्हणून कळवलं.