तेराशे वर्षांचा घसारा

इतिहास या विषयाशी माझे संबंध दहावीच्या परीक्षेनंतर तुटले, ते उभयपक्षी संमतीने. पुढे मी बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि ‘जुनी कागदपत्रं’ म्हणजे ज्यांना वाळवी लागली तर आपली चौकशी होते अशी कागदपत्रं, एवढाच इतिहासाचा अर्थ माझ्यापुरता उरला. त्यामुळे भाचीच्या लग्नासाठी इंग्लंडात चेम्सफर्डला गेलो असताना आमचे भावोजी रात्री जेवताना म्हणाले, “उद्या तुला एक कोठार दाखवतो,” तेव्हा मला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटली. सात हजार किलोमीटर उडून, तिकिटाचे हप्ते डोक्यावर घेऊन मी आलो होतो. कोठारं मला गावी फुकट बघायला मिळतात. त्यातलं एक तर आमच्याच वाड्यात आहे. त्यावरून घरात काय रामायण चाललं होतं ते पुढे सांगतो.

भावोजींचा हट्ट मोडणं ताईलाही जमलेलं नाही, तिथे माझं काय! एसेक्स परगण्याच्या पूर्व टोकाला ब्रॅडवेल-ऑन-सी नावाचं गाव आहे. गावापुढे मोटार एका शेतापाशी सोडायची आणि अर्धा मैल चालायचं. रस्ता सरळ, रोमन लोकांनी आखलेला. दोन्ही बाजूंना पीक, समोर खाऱ्या दलदलीपलीकडे समुद्र, आणि असा वारा की आमच्या सौ.ने साडीवर चढवलेले ताईचे दोन कोटही फडफडू लागले. टोकाला एक इमारत एकटीच उभी. उंच भिंती, उतरतं छप्पर. मनोरा नाही, कळस नाही. सौ. म्हणाली, “हे तर मार्केट यार्डातलं गुदाम!” भावोजी इतके खूश झाले, की जणू तीच परीक्षेतली अचूक उत्तर देणारी विद्यार्थिनी. “बरोबर! अडीचशे-तीनशे वर्षं लोक हेच समजत होते!”

ते गुदाम म्हणजे सेंट पीटर-ऑन-द-वॉल, इंग्लंडातल्या सर्वांत जुन्या उभ्या चर्चपैकी एक. सातव्या शतकातलं.

‘भिंतीवरचा संत पीटर’ या नावाचं मला आधी हसू आलं. पण भिंत खरीच आहे. इथे रोमन लोकांचा ओथोना नावाचा किल्ला होता. तिसऱ्या शतकात समुद्राकडून येणाऱ्या चाच्यांना अडवायला त्यांनी किनाऱ्यावर जी किल्ल्यांची रांग उभारली, त्यातला हा एक. रोमन गेले, किल्ला ओस पडला. ६५३ साली उत्तरेकडून सेड नावाचा एक साधू इथल्या सॅक्सन लोकांना ख्रिस्ती धर्म सांगायला आला. त्याने किल्ल्याच्या पश्चिम वेशीवर, पडक्या तटाच्या पायावरच, देऊळ बांधलं. दगड किल्ल्याचे, विटाही रोमनांच्याच. म्हणजे माल जुना, पाया आयता. हिशेबाच्या दृष्टीने मला हा साधू पहिल्या भेटीतच आवडला.

सेड धरून चार भाऊ आणि चारही धर्मोपदेशक. त्यातले दोघे बिशप झाले. एवढी भरती एका घरातून फक्त आमच्या बँकेत पूर्वी होत असे. ज्या राजाने सेडला बोलावून घेतलं तो सिगेबर्ट स्वभावाने फार मऊ. त्याच्याच नात्यातल्या दोघा भावांनी त्याचा खून केला आणि कारण काय दिलं, तर हा शत्रूंना फार सहज माफ करतो! हे बीड नावाच्या साधूने ७३१ साली पुऱ्या केलेल्या इतिहासात लिहून ठेवलंय. कर्जमाफीला इतका कडक विरोध मी आमच्या वसुली खात्यातही पाहिलेला नाही.

पुढची गोष्ट मात्र भावोजींनी थट्टा न करता सांगितली, आणि वारा असूनही आम्ही उभं राहून ऐकली. ६६४ साली मोठी साथ आली. सेड तेव्हा उत्तरेत लॅस्टिंगहॅमच्या मठात होता. तिथेच तो गेला. बातमी इकडे एसेक्समध्ये पोचली तेव्हा त्याच्या मठांतले तीसेक जण निघाले. आपल्या गुरूच्या समाधीजवळ जगावं, नाही तर मरावं, म्हणून. ते पोचले, आणि साथीने सगळे गेले. एक लहान मुलगा तेवढा वाचला. तो मोठा झाला, धर्मग्रंथ शिकला, आणि बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की याचा बाप्तिस्मा कधी झालेलाच नाही! सगळा मठ गेला आणि राहिला तो नेमका ज्याचं नाव वहीत चढायचं राहून गेलं होतं तोच. मग रीतसर बाप्तिस्मा झाला आणि तो धर्मगुरूही झाला. बँकेत आम्ही नोंद राहिलेल्या माणसाला ‘अस्तित्वात नाही’ म्हणून परत पाठवतो. त्या दिवसापासून तसं पाठवताना मला जरा अडखळायला होतं.

यानंतरची सात-आठशे वर्षं भावोजींनी भराभर उरकली, आणि मलाही ती उरकू द्या. गावात दुसरं चर्च झालं, हे लांबचं मागे पडलं. १४४२ साली एक चौकशी झाली. पंचांनी जबाब दिला : देवळाला गाभारा आहे, सभामंडप आहे, छोटा मनोरा आहे, त्यात दोन घंटा आहेत, मध्यंतरी ते जळलं होतं, दुरुस्ती झाली. पण कोणी बांधलं? कधी बांधलं? ठाऊक नाही. बीडच्या पोथीत सगळं लिहिलेलं होतं; पण पोथी गावातल्या कोणी कशाला वाचावी! चौकशीत ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर देण्याची परंपरा किती जुनी आहे हे कळून मला, एक कर्मचारी म्हणून, धीर आला.

मनोऱ्याचा उपयोग काही काळ समुद्रातल्या गलबतांना दिवा दाखवायला झाला. मग १७व्या शतकापासून शेतकऱ्याने ते सरळ कोठार म्हणून वापरायला काढलं. उरला होता फक्त सभामंडप; साधारण पन्नास फूट लांब, विशेक फूट रुंद. त्याच्या दोन लांब भिंतींना त्याने समोरासमोर मोठी भगदाडं पाडली. एकीकडून धान्याची गाडी आत घ्यायची, दुसरीकडून बाहेर काढायची. संताच्या भिंती म्हणून बैल उलटे फिरवत बसायला त्याला वेळ नव्हता. ही भगदाडं नंतर बुजवली, पण त्यांचे चौकोन अजून स्पष्ट दिसतात, विजारीला लावलेल्या ठिगळासारखे. गाभाऱ्याची अर्धगोल भिंत कधीच गेली. तिचा पाया जमिनीवर दिसतो आणि भिंतीत कमानींची टोकं उरली आहेत.

“रानटीपणाच म्हणायचा,” मी म्हणालो. खरं सांगायचं तर मी एसेक्समधल्या शेतकऱ्याला बोलत नव्हतो. माझ्या डोळ्यांसमोर आमचा तात्या होता.

तात्या म्हणजे माझा चुलतभाऊ. गावचा आमचा वाडा सामाईक. आम्ही दोघे भाऊ पुण्यात. तात्या गावी, शेती करतो आणि राहतो नव्या स्लॅबच्या घरात. वाड्याच्या सोप्यात, जिथे आजोबा पंचांगं सांगायचे तिथे, आता कडब्याच्या पेंढ्या. माजघरात कांदा. देवघराच्या उंबऱ्याला टेकून फवारणीचा पंप. तुळईला दोर बांधून त्याने चक्क बैलांची जुवं टांगलीत. गेल्या दिवाळीत हे पाहून माझ्या भावाचं रक्त खवळलं. त्याने वकिलाकडून नोटीस तयार करून घेतली, ‘सामाईक वास्तूचा अनधिकृत वापर’ वगैरे. त्याची सही झाली होती. माझी व्हायची होती. लग्नाचं निमित्त सांगून मी ती कपाटात ठेवून आलो होतो.

भावोजींना यातलं काही माहीत नव्हतं. ते आपल्या नादात बोलत होते. “अरे, रानटीपणा कसला? सेडने दुसरं देऊळ टिलबरीला बांधलं होतं. त्याचा आज मागमूस नाही. या किल्ल्याचाही बराच भाग समुद्राने गिळला, उरलेले दगड ज्याला लागतील त्याने नेले. किल्ला होता हेसुद्धा विसरलं जगाने. १८६४ साली बांधबंदिस्तीच्या कामात तो सापडला. मग हे एकच का उभं राहिलं? कारण आत धान्य होतं. आत धान्य असलं की माणूस छप्पर गळू देत नाही.”

१९२० साली डागडुजी होऊन चर्च पुन्हा पूजेला सुरू झालं. दर जुलैत इथे यात्रा भरते. १९८५ साली बसवलेल्या वेदीत तीन ठिकाणांहून आणलेले तीन दगड आहेत : एक लिंडिसफार्नचा, जिथे सेड शिकला, एक आयोनाचा, जिथून त्याचे गुरू आले, आणि एक लॅस्टिंगहॅमचा, जिथे ती तीस माणसं चालत गेली. आत गेलो. बाहेरचा वारा एकदम थांबला. बाकं साधी, भिंती उघड्या दगडाच्या. सौ.ने सवयीने पायांतले बूट काढले. मी वर पाहत राहिलो, छपराकडे.

मला सवयीने घसारा आठवला. घटत्या शिलकीच्या पद्धतीने इमारतीवर दर साल दहा टक्के घसारा काढला, तर तेराशे वर्षांनी किंमत किती उरेल? पैशाच्या कितव्याशा अंशाचा अंश उरेल. पण त्या पद्धतीची गंमत अशी की शून्य कधीच होत नाही. हे मी बी. कॉम.ला शिकलो होतो आणि आजवर मला त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

पुण्याला आल्यावर मी तात्याला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, पाऊस झाला.

“आणि वाड्याचं माळवद कसं आहे रे?”

“त्याला काय हुतंय, दादा! पावसाआधी दोन ट्रॉल्या पांढरी माती चढवली की वर. दर सालच चढवतो.”

“दर साल? कधी बोलला नाहीस.”

“त्यात काय बोलायचं? वैरण भिजती न्हवं का!” मग जरा थांबून म्हणाला, “देवघरावरची एक तुळई वाकलीया. टेकू दिलाय. पुढल्या साली बदलाय लागंल.”

तुळईला किती पडतील ते मी विचारून घेतलं आणि पंचांगाच्या मागे लिहून ठेवलं. रात्री सौ.ने कपाट आवरताना विचारलं, “ही नोटीस कशात ठेवू? भावजींचा दोनदा फोन येऊन गेलाय.”

ज्या रकमेचं काय करायचं ते ठरलेलं नसतं, तिच्यासाठी आमच्याकडे सस्पेन्स खातं असतं. मी तिला सांगितलं, “विम्याच्या जुन्या पावत्यांखाली ठेव. तिथे कोणी बघत नाही.”